सत्त्याहत्तरचे पंचवीस

“सत्त्याहत्तर?” प्रशांत कंटेनरच्या झाकणावर वाकला आणि तसाच ताठ झाला. “माधुरी, हे काय दाखवतंय?”

गोठ्याच्या मधोमध लोखंडी पाइप आडवा टाकलेला होता. अलीकडच्या गाई प्रशांतच्या, पलीकडच्या धाकट्या भावाच्या, सचिनच्या. सगळं वाटून झालं होतं, राहिला होता एकटा बाजिंद्या. वडिलांचा गीर वळू. त्याच्या कालवडींसाठी पार पुणतांब्याहून माणसं बेलापूरला यायची. तो मरून दोन पावसाळे झाले. मागे राहिलं ते त्याचं गोठवलेलं बीज, बारीक कांड्यांमध्ये भरलेलं, या एका कंटेनरात, नायट्रोजनमध्ये बुडवून. गाई भरवायचं, म्हणजे कांडीतलं बीज सोडून गाभण करायचं काम सचिनची बायको माधुरी करायची, म्हणून कंटेनर तिच्या ताब्यात. आज निम्म्या कांड्या प्रशांतला मिळायच्या होत्या. त्या मिळाल्या की बाजिंद्याचं रक्त त्याच्याही दावणीला राहणार होतं.

आणि झाकणावर हिरव्या आकड्यांत सत्त्याहत्तर!

दुधाचा धंदा करणाऱ्याला दोन मापं सांभाळावीच लागतात. हवा सेल्सिअसात, गाईचा ताप फॅरनहाइटात. प्रशांतचा तर त्यात हातखंडा. डॉक्टर मोबाईल काढेपर्यंत हा उत्तर सांगून मोकळा. त्याने तिथंच हिशेब घातला, चार घरांना ऐकू जाईल असा.

“सत्त्याहत्तरातनं बत्तीस गेले, राहिले पंचेचाळीस. पाचानं गुणले, दोनशे पंचवीस. नवानं भागले. पंचवीस! पंचवीस डिग्री म्हंजे माठातलं पाणी. माठात ठेवलंस व्हय गं आमच्या बाजिंद्याला?”

हिशेब बरोबर होता. तोंडी हिशेबात प्रशांत कधी चुकायचा नाही, हीच तर पंचाईत.

“ते फॅरनहाइट न्हाई भाऊजी, केल्विन हाय.” माधुरीचा आवाजही काही मधात घोळलेला नव्हता. “नवं झाकण हाय, ते केल्विनातच दाखवतं. त्यातनं दोनशे त्र्याहत्तर वजा करायचे. उणे एकशे शहाण्णव येतात. पायजे तेवढंच हाय.”

“आता तिसरं माप काढलंस! जमीन वाटताना बी तेच. आमी गुंठ्यात बोलायचं, तुमी आरमध्ये मोजायचं.” त्याने झाकणावर बोट आपटलं. “एवढं थंड असतं तर म्होरं उणेची रेघ का न्हाई? का रेघ बी सचिनच्या वाट्याला गेली?”

“केल्विनात उणे नसतंच. त्याचं शून्य सगळ्याच्या तळाला असतं.”

“व्हय का! लई शिकलीस.”

“तुमच्याशी डोकं कोण लावणार! थांबा, नायट्रोजन मोजायची पट्टी आणते. बुडवून दाखवते, मग तरी पटंल.” ती तरातरा घरात गेली.

आता पट्टी येईपर्यंत थांबायला काय झालं होतं? पण प्रशांतच्या मस्तकात तिडीक गेली होती. हिनं बापाचा वळू फुकट घालवला, आणि वर मेलेल्या कांड्या आपल्या गळ्यात मारणार. उद्या गाव म्हणणार, दिलं की निम्मं! ते काही नाही, हिचं पाप हिच्याच दारात ओतायचं. त्याने झाकण भिरकावलं, कंटेनर दोन्ही हातांनी उचलला आणि फरशीवर पालथा केला.

माठातलं पाणी पडलंच नाही. पांढरा धूर भसाभसा बाहेर आला आणि चरचरत फरशीभर पसरला. शेणाचा पो जागच्या जागी दगड झाला. गाईंनी दाव्यांना हिसडे दिले. धुरात कांड्या विखुरल्या. त्या गोळा करायला प्रशांतने हात घातला आणि विस्तवाला लागल्यासारखा मागे घेतला. बोटं थंडीनं पोळली होती.

तेव्हा त्याला कळलं. सगळं ओतून झाल्यावर कळलं.

माधुरी पट्टी घेऊन दारात उभी होती. “झालं समाधान?”

“भर, भर परत आत!”

“कशात भरू? नायट्रोजन सगळा तुमीच ओतलाय. संगमनेरची गाडी मंगळवारी येती. वितळलेली कांडी लगेच गाईला भरली तर भरली, न्हाईतर मेली.”

“मग माझ्या गाईला भर!” तो आपल्या दावणीकडे धावला. एकेक शेपूट उचलून बघत सुटला. ही गाभण, ही नुकतीच व्यालेली, ही आपली रवंथ करत उभी. माजावर एकही नव्हती. टोकाच्या गाईनं तर त्याला लाथच घातली.

पाइपाच्या पलीकडे सचिनची तांबडी गाय हंबरली. शेपूट बाजूला टाकून दावं ताणत पुन्हा हंबरली. ती माजावर आहे हे दोघांनाही सांगायला नको होतं.

माधुरीने पातेल्यात कोमट पाणी आणलं. अजून पांढरी असलेली एक कांडी चिमट्याने उचलून त्यात सोडली. कोपराच्या वरपर्यंत हातमोजा चढवला. बाकीच्या कांड्या फरशीवर ओल्या होऊन पडल्या होत्या. प्रशांत त्यांच्याकडेच बघत उभा राहिला.

“गोऱ्हा झाला तरी आमचा, कालवड झाली तरी आमची,” पाइपाखालून पलीकडे जाता जाता ती म्हणाली. “ऐकलं का भाऊजी? आता या हिकडं आन् शेपूट धरा.”