एक गेलं तर दुसरं

"आणि दोन्ही डिस्क सांभाळणारं हे कार्डच जळलं तर?" काकांनी विचारलं.

"मग हुबेहूब तसंच कार्ड शोधावं लागेल," कॉम्प्युटर जोडायला आलेला मेकॅनिक म्हणाला. "नाहीतर डिस्क धडधाकट असूनही वाचता येणार नाहीत."

"आणि कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डावरचीच सोय वापरली तर?"

"बोर्ड गेलं की थोडाफार तोच घोळ. पण काका, घरच्या कॉम्प्युटरला बोर्डावरचं रग्गड झालं."

दोन डिस्कवर एकाच वेळी तेच लिहिलं जाणार होतं, म्हणजे एक गेली तरी दुसरी शाबूत. ही राखण बोर्डाकडे द्यायची की वेगळ्या कार्डाकडे, एवढाच प्रश्न होता. त्यापायी काकांनी आठवडाभर स्वतःचं डोकं शिणवलं होतं आणि मेकॅनिकचं पिकवलं होतं. जुनी डिस्क अचानक बंद पडली तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिच्यात त्यांचा मुलगा होता. सायकल शिकणारा, पुढचे दात पडलेला, आईला थाप मारताना हसू न आवरणारा. नवव्या वर्षी तो तापानं गेला. ते व्हिडिओ एका सीडीवर सापडले म्हणून निभावलं. पुन्हा तशी वेळ आली तर आपल्याच्यानं सोसवणार नाही, हे काकांना पक्कं ठाऊक होतं.

काकू दारात उभ्या होत्या. या खोलीत त्या सहसा दारापर्यंतच यायच्या. मुलाला बघावंसं वाटलं की तिथूनच सांगायच्या, मग काका लावून द्यायचे. कॉम्प्युटरला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला काकांना खपत नसे. बिघडेल, म्हणायचे.

"वीज गेली तर?" काकांचं चालूच होतं.

"बॅटरी बसवू."

"दोन्ही डिस्क एकदम गेल्या तर?"

"बाहेर तिसरी प्रत ठेवू. काका, सगळ्यावर तोड आहे. तुम्ही फक्त ठरवा."

"अहो," काकू म्हणाल्या, "आणि तुम्ही गेलात तर?"

मेकॅनिक उगाचच स्क्रू शोधायला खाली वाकला. काहीतरी अभद्र बोलू नकोस, असं काकांच्या अगदी ओठांवर आलं. पण काकूंच्या आवाजात रुसवा नव्हता. त्या खरंच विचारत होत्या. लेकाला जपता जपता आपण त्याच्या आईलाच दाराबाहेर ठेवलं, हे काकांना तेव्हा कळलं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"बोर्डावरचंच असू दे," ते मेकॅनिकला म्हणाले. "तेवढं पुरे."

त्यानं जोडणी उरकली, व्हिडिओ आत उतरवले, सगळं बंद केलं आणि तो गेला. काकांनी काकूंना हाताला धरून खुर्चीवर बसवलं.

"त्याला बघायचं कसं, ते दाखवतो तुला."

काकू काळ्या पडद्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "आधी हे चालू कुठून करायचं, ते सांगा."