भागीचं पथ्य

भागीनं सकाळचा दूधभात पुन्हा ओकून टाकला, तेव्हा दानम्माला पहिल्यांदा भीती वाटली. मांजर म्हटलं की ओकायचंच, असं म्हणून ती आजवर फडकं फिरवून मोकळी व्हायची. पण आता भागीच्या पाठीचा कणा हाताला लागत होता. शेपटीखाली सारखी घाण. हाक मारली तरी पोत्यांमागून बाहेर येईना.

दानम्माला मूलबाळ नव्हतं. युसूफ वडगाव या गावात नवऱ्याचं, सिद्धारामचं, किराणा दुकान. घरात ही दोघं आणि म्हातारी भागी. गल्लीतल्या बाया तिला 'भागीची आई' म्हणून चिडवायच्या. ती वरवर रागवायची, पण मनातून सुखावायची.

दिवाळीनंतर गल्लीत कुत्र्यांचा सुळसुळाट झाला, तशी दानम्मानं भागीला घराबाहेर सोडणंच बंद केलं. आधी ती रोज दुपारी सिद्धारामच्या मागोमाग दुकानावर जायची. पिशवीत घालून नेतो, असं तो दोनदा म्हणाला. म्हातारीला आता कुठं हिंडवता, म्हणून दानम्मानं ते उडवून लावलं. दुपार झाली की भागी दाराशी बसून ओरडायची. पोटात दुखत असेल, असं वाटून दानम्मा तिला आणखी वाटीभर दूध द्यायची.

अखेर दोघं तिला टोपलीत घालून केजला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर तरुण होता. त्यानं पोट चाचपलं, हिरड्या पाहिल्या, खायला काय घालता ते विचारलं. दूधभात ऐकून त्यानं कपाळाला हात लावला. म्हातारपणी मांजराला दूध पचत नाही, आतडी सुजलीत, दूध आजच बंद करा, असं त्यानं बजावलं. गोळ्या दिल्या. आणि अंगात ताकद यायची तर अंडं किंवा उकडलेली कोंबडी थोडी थोडी द्यावीच लागेल, असंही म्हणाला.

दानम्मानं पदराआड गळ्यातलं इष्टलिंग घट्ट धरलं.

"आमच्या घरात अंडं येत न्हाई, डॉक्टर. हिनं जन्मात त्याला तोंड लावलं न्हाई. दूधभातावरच एवढी वर्सं काढली तिनं."

डॉक्टरला नवल वाटलं. पण आजीच्या वयाच्या बाईशी वाद कोण घालणार?

परतताना सिद्धाराम हळूच म्हणाला, "औषीद म्हणून दिलं तर काय हुतंय? घरात नगं. मी भाईरच देतो."

"आन् त्याच तोंडानं ती देवघरात येणार?" दानम्मा म्हणाली. "इतकी वर्सं निभलं ना त्याच्याबिगर? मग आताच कशाला लागतंय?"



दूध बंद झालं. दुधाची तहान ताकावर भागवावी, तसा दानम्मानं ताकभात सुरू केला. डाळीचं पाणी चमच्यानं पाजलं, गोळ्या कुटून चाटवल्या, भागीला मांडीवर घेऊन देवाची करुणा भाकली. उलट्या थांबल्या, पण भागी उठेना. सिद्धाराम जेवताना मध्येच ताटावरून उठायला लागला. त्याचाही जीव तुटतोय, हे दानम्माला दिसत होतं.

एका दुपारी भागी फरपटत दारापर्यंत गेली आणि तिथंच तिनं मान टाकली.

परसात सिद्धारामनं खड्डा खणला. घरच्या माणसाला लावावी तशी दानम्मानं तिला विभूती लावली, बेलाचं पान ठेवलं. माती लोटताना तिला हुंदका आवरेना. सगळं घर आता आपल्याला खायला उठणार, हे तिला कळून चुकलं होतं.

"जीव गेला, पर तोंड बाटलं न्हाई तिचं," ती म्हणाली. "शेवटपर्यंत आपल्या घरावानीच ऱ्हायली. एवढंच समाधान."

सिद्धाराम मातीच्या हातांनी तसाच बसून होता. बोलतानाही त्यानं वर पाहिलं नाही.

"रोज दुपारी दुकानामागं मी एक उकडलेलं अंडं आणत हुतो, दानम्मा. अर्धं तिला."