वीतभर उंची

जैनाबची लेक युस्निदार, युस्निदारची एर्नावती आणि एर्नावतीची देस्वीता. पायाकुंबुह गावातले हे घर आईकडून लेकीकडे असेच उतरत आले होते, आणि गेली चाळीस वर्षे त्यात युस्निदारचा शब्द कुणी खाली पडू दिला नव्हता.

"डायपर किती घेतलेस?" तिने खुर्चीतून विचारले.

"बारा."

"वीस घे. घाटात दरड आली की गाडी दोन-दोन तास हलत नाही."

देस्वीताने आणखी आठ कोंबले. चटईवर पिशवी उघडी होती. दूध काढायचा पंप, त्याच्या सुट्या झडपा, दोन बाटल्या, आडोशाला धरायची ओढणी. उद्या घाटापलीकडच्या पेकानबारू शहरात कायम शिक्षिकेच्या जागेची परीक्षा होती. वयाच्या अटीमुळे ही शेवटचीच संधी. चार तास ती आत बसणार आणि बाहेर तिची आई एर्नावती पाच महिन्यांच्या जिहानला सांभाळणार. जिहान डब्याचे दूध थुंकून टाकी. म्हणून अकरा दिवस थेंब-थेंब साठवून देस्वीताने सहा पाकिटे गोठवून बर्फपेटीत भरली होती. तीन उजव्या बाजूची, टच्च भरलेली. तीन डाव्या बाजूची, जेमतेम अर्धी. डावीकडे तिला मुळातच कमी येई.

गाडी यायला पंधरा मिनिटे होती; एर्नावती आधीच खाली रस्त्यावर जाऊन थांबली होती. तेवढ्यात लाकडी पायऱ्या करकरल्या आणि शेजारची रोस्ना दारात येऊन उभी राहिली.

"बसत नाही," ती म्हणाली. "नातसून काल बाळंत झाली. महिनाभर आधीच. ऑपरेशननंतर अंगात ताप आहे, औषधं कडक आहेत. अंगावर पाजायचं नाही म्हणालेत. पोरगा पावडरचं दूध ओकतोय. नर्स म्हणाली, कुणा आईचं दूध मिळतंय का बघा." ती पिशवीकडे न पाहता, जिहान झोपली होती त्या पडद्याकडे पाहत होती. "मी मागायला आले नाही. कानावर घातलं, एवढंच."

युस्निदारला पुढचे सांगायला नको होते. ती पाळण्यात असताना जैनाबचे दूध तापाने आटले, तेव्हा रोस्नाच्या आईने, कमसियाने, तिला चार महिने पाजले होते. तान्ही रोस्ना तेव्हा कमसियाच्याच मांडीवर होती. भरलेली उजवी बाजू शेजारणीच्या लेकीला, उणी डावी स्वतःच्या. रोस्ना युस्निदारपेक्षा वीतभर बुटकी राहिली, आणि गावातल्या प्रत्येक लग्नात दोघी शेजारी उभ्या राहिल्या की म्हणे, "माझी वीतभर उंची हिच्याकडे आहे, बरं का."

"देस्वीता," युस्निदारने हुकमी आवाजात सुरुवात केली.

"आजी, ते देणं तुझं आहे. दूध माझं आहे." देस्वीताने बर्फपेटीचे झाकण दाबून बसवले. मान वर केली नाही.

या घरात असे कुणी बोलले नव्हते. पडद्यामागे जिहान कुरकुरली आणि पुन्हा झोपी गेली.

"पोरीला बोलू नकोस," रोस्ना म्हणाली. "परीक्षा आहे तिची. येते मी."

खाली गाडीचा भोंगा वाजला.

युस्निदारने खुर्चीचा हात घट्ट धरला. जिभेवर आलेला हुकूम तिने गिळला. कमसियाला तेव्हा कुणी हुकूम केला नव्हता.

देस्वीताने पेटी उघडली आणि डाव्या बाजूची तीन पाकिटे काढून चटईवर ठेवली.

"पुष्कळ झालं, पोरी," रोस्ना म्हणाली. "देव तुझं भलं करो."

भोंगा दोनदा वाजला. देस्वीताचा हात पेटीतच होता.

"रोस्नाआजी, कुठल्या बाजूला जास्त येतं, हे तुमच्या आईला ठाऊक होतं ना?"

"ते कुठल्या आईला ठाऊक नसतं?"

देस्वीताने अर्धी पाकिटे परत आत ठेवली आणि भरलेली तीन बाहेर काढली. बर्फाची एक थैली त्यांच्यासोबत ठेवली. मग पिशवीच्या तळातला पंप काढून सर्वांत वर घेतला आणि त्याची बॅटरी तपासली.

"वाटेत काढीन. गाडीवाल्याकडून मागची सीट मागून घेईन."

रोस्नाने हात पुढे केले.

"थांब," युस्निदार म्हणाली. "नाव घातल्याशिवाय या घरातून दूध जाणार नाही."

"तारीख आहे की त्यावर, आजी."

"तारीख काय चाटायची आहे? एका आईचं दूध प्यायली की ती भावंडं, त्यांचं लग्न लागत नाही. वीस वर्षांनी तुझी जिहान आणि हिचा पणतू एकमेकांना आवडले, तर अडवायला आम्ही दोघी असणार आहोत का?"

"तू असशील," रोस्ना म्हणाली. "तुला कोण नेतंय."

देस्वीताने तिन्ही पाकिटांवर लिहिले : देस्वीता, जिहानची आई. मग झोपलेल्या मुलीला झोळीत घेतले, पिशवी खांद्याला अडकवली, आजीच्या हातावर कपाळ टेकवले आणि ती झरझर पायऱ्या उतरली. गाडी निघाली तेव्हा मागच्या काचेला आतून ओढणी लागलेली होती.

कुंपणापाशी रोस्नाचा जावई मोटरसायकल चालू ठेवून उभा होता. कुणाही पाहुण्यासाठी खुर्चीतून न उठणारी युस्निदार उठली. टॉवेलात गुंडाळलेली पाकिटे छातीशी धरून ती स्वतः पायऱ्या उतरली आणि अंगणात वळून उभी राहिली. मागून येणारी रोस्ना शेवटच्या पायरीवर थांबली. दोघींचे डोळे एका पातळीत आले.

"घे. तुझी वीत."

रोस्नाने गाठोडे दोन्ही हातांनी घेतले.

"पुरती पोचली," ती म्हणाली, आणि थोडा वेळ त्या पायरीवरून खाली उतरलीच नाही.