परीक्षक येऊन जाऊ देत

बाग करायची फुलांची आणि कळी दिसली की खुडायची, हा उद्योग डोरीननं अख्खा हिवाळा केला. टूवूम्बाच्या पुष्पोत्सवात परीक्षक घरोघरच्या बागा बघायला येतात, नेमका त्याच आठवड्यात पॅन्सी आणि व्हायोलाचा वाफा एकदम फुलायला हवा होता. कंबर धरायची, बोटं गारठायची, तरी रोज सकाळी ती वाफ्यापाशी गुडघे टेकायचीच.

"अगं, एखादं तरी फूल राहू दे ना," नवरा क्लॅरी खिडकीतून म्हणायचा. "यंदा बघून घेऊ दे मला."

"दरवर्षी बघतोसच की! परीक्षक येऊन जाऊ देत, मग सगळी तुझीच."

हल्ली त्यानं पेपर वाचणं सोडलं होतं आणि खुर्ची खिडकीला अगदी चिकटवून घेतली होती. म्हातारा हट्टाला पेटलाय, झालं! त्याच्याशी वाद घालण्याइतकंही त्राण डोरीनच्या अंगात उरलं नव्हतं.

सप्टेंबरात, तिकडचा वसंत लागताच, वाफा असा फुलला की रस्त्यानं जाणारे थांबायला लागले. परीक्षकांनी फाटकावर पहिल्या नंबरची फीत बांधली. सगळे पांगल्यावर डोरीन क्लॅरीला हात धरून बाहेर घेऊन आली, वाफ्याजवळच्या बाकावर बसवलं आणि स्वतःही शेजारी धपकन बसली.

"घे, आता डोळे भरून बघ."

 

क्लॅरीनं वाकून पाकळ्यांवरून बोटं फिरवली आणि हळूच विचारलं, "कोणत्या रंगाची आहेत गं?"