शिवणघरातला कोट

आमच्या टस्कनीतल्या गावात गरीब मुलींचं अनाथालय होतं. त्याचं आता संग्रहालय झालंय. बावीस वर्षं मी तिथली राखणदार. परवा माझा शेवटचा दिवस होता.

त्या मुली सगळ्या गावाचं शिवणकाम करायच्या. नवी मुलगी कायमची राहायला आली, की तिच्या कपड्याला गळ्याशी, आतून, लाल धाग्याने तिचा क्रमांक भरायच्या. शेवटच्या मुलीचा क्रमांक त्रेसष्ट. तिचा झगा काचेच्या कपाटात आहे.

परवा दुपारी माझ्या कोटाचं बटण तुटलं. कोट आणि बटण शिवणघरातल्या बाकावर ठेवून मी फेरी मारून आले. बघते तर बटण जागच्या जागी, लाल धाग्याने घट्ट शिवलेलं.

कोट तिथेच टाकून मी खाली तिकीट खिडकीवरच्या ग्वाल्तिएरोकडे गेले.

"ग्वाल्तिएरो, शिवायला कधी शिकलास रे?"

"मी? माझं बटण तुटलं तर मी शर्ट बदलतो," ग्वाल्तिएरो हसला. "जा आता घरी, एर्सिलिया. का इथेच राहायचा विचार आहे?"

"राहते की. घरी कोण माझी वाट बघत बसलंय?" मी सहज बोलून गेले.

वर आले. बाकावर ऊन पडलं होतं. कोट कुणीतरी उलटा करून नीट घडी घालून ठेवला होता. कॉलरच्या आत लाल आकडा होता: चौसष्ट.

मी त्यावरून बोट फिरवलं. धागा दातांनी तोडलेला होता. त्याचं टोक अजून ओलं होतं.