एक मात्रा उशिरा

"मागे! मागे जायचं आहे, पुढे नाही!"

नृत्यशिक्षिका बाईंनी गाणे अकराव्यांदा बंद केले. रुग्णालयाच्या धुलाई विभागात जेवणाच्या सुट्टीपुरती टेबले भिंतीला लावण्यात आली होती, आणि त्या मोकळ्या जागेत आठ कर्मचारी समोरासमोर दोन रांगांत उभे होते. चौथ्या मात्रेला दोन्ही रांगांनी एकमेकींपासून दूर सरावे, असे बाईंनी बसविले होते. प्रत्यक्षात चौथी मात्रा येताच दोन्ही रांगा एकमेकींकडे चालू लागत, सर्वांचे हात छातीपर्यंत उंचावत आणि समोरच्याच्या हातांना जाऊन भिडत.

"हे हात कोणी शिकवले तुम्हाला?"

"कोणी नाही, बाई," इस्त्रीवाले दादा ओशाळून म्हणाले. "समोर माणूस दिसला की आपोआप जातात. दिवसभर जोडीनं चादरींच्याच घड्या घालतो आम्ही."

"उद्या वर्धापनदिनाला मंचावर चादरी नसणार आहेत!"

"नसणार कशा? मागचा पडदा चादरींचाच आहे, आपल्याकडूनच धुऊन गेलाय," कोणीतरी म्हणाले, आणि आठही जण हसले. बाई हसल्या नाहीत.

चौदाव्या खेपेस हात खाली राहिले. परंतु त्यामुळे दुसरा दोष उघडा पडला. सात पावले एकदम पडत, आणि कोणी दार उशिरा लोटावे तसे आठवे पाऊल मागाहून एकटेच पडे. ते पाऊल थोरल्या मावशींचे होते.

"आई, डावा पाय!" मावशींची सून शेजारून ओरडली. "डावा म्हणजे घड्याळाच्या हाताकडचा!"

"घड्याळ कधी घेऊन दिलंस का मला?"

"पाय बरोबर आहे हो त्यांचा, वेळ चुकतेय," बाई म्हणाल्या. "मावशी, गाणं ऐकू येतं ना तुम्हाला?"

"येतं की. पण हा गुडघा आधी विचार करतो, मग उठतो."

बाईंची सहनशक्ती या उत्तराने संपुष्टात आली.

"मावशी, तुम्ही बसा. राग मानू नका. उद्या सगळं रुग्णालय बघायला येणार. मी सात जणांत बसवते."

मावशी लगेच हलल्या नाहीत.

"दर वर्षी या मंडळींच्या चपला आणि पिशव्या मीच सांभाळते, बाई. पुढच्या वर्षी मी निवृत्त होणार. म्हणून एकदा नाव दिलं होतं."

फाटक्या उशांची संख्या कळवावी तितक्याच शांतपणे त्यांनी हे सांगितले. तदनंतर त्या मळक्या कपड्यांच्या पेटाऱ्यावर जाऊन बसल्या आणि सर्वांच्या पिशव्या जवळ ओढून घेतल्या.

गाणे पुन्हा सुरू झाले. सहा जण नाचू लागले. इस्त्रीवाले दादा जागेवरच उभे होते.

"आता तुमचं काय, दादा?"

"समोर कोणी नाही, बाई."

"नसू दे! मोजा आणि नाचा."

"नुसतं मोजून कसं नाचणार?" दादांनी घाम पुसला. "तुम्ही चिडाल, पण सांगतो. समोरचा हळू असला, तर आपणही हळू व्हायचं. नाहीतर घडी तिरकी पडते. नऊ वर्षं मी मावशींच्या हाताबरोबर हात चालवतोय. आमची एक तरी घडी तिरकी दाखवा."

"हा नाच आहे, चादर नाही!"

"म्हणूनच म्हणतो, मावशींना पुढे उभं करा. आम्ही त्यांच्याकडे बघून पाय उचलतो. गाणं राहू दे बाजूला."

"म्हणजे सगळेच चुकणार?"

"हो," सून म्हणाली. "पण एकदम चुकू."

बाईंनी भिंतीवरील घड्याळाकडे पाहिले. सुट्टी संपावयास अकरा मिनिटे उरली होती.

"करा. तुमच्या मनासारखं करा. एकदाच बघणार आहे मी."

सुनेने सासूच्या मांडीवरच्या पिशव्या काढून जमिनीवर ठेवल्या. मावशी पुढे येऊन उभ्या राहिल्या. बाईंनी गाणे लावले आणि हाताची घडी घातली.

पहिली मात्रा आली आणि गेली. कोणीही हलले नाही. मावशींच्या गुडघ्याने विचार केला, तो उठला, आणि त्याच्यासोबत बाकीचे सात डावे पाय उठले. बाईंच्या तोंडून सवयीने "दोन" निघाले, तेव्हा सर्वांचे "एक" चालले होते. बाईंनी मोजणे सोडून दिले.

गिरकीच्या वेळी दोघी उलट्या फिरल्या, समोरासमोर आल्या आणि "अगंबाई, तू?" म्हणून पोट धरून हसल्या. दादांचे पोट स्वतःच्याच तालात हलत होते. सून सासूच्या पायांकडे अशी टक लावून पाहत होती, की तसे घरात तिने कधी पाहिले नसेल. मावशींनी कोणाकडेच पाहिले नाही. त्यांची मान ताठ होती आणि पदर खांद्यावरून घसरला होता.

गाणे संपले. नाचणाऱ्यांचे एक पाऊल अजून शिल्लक होते.

त्या शांततेत आठ पावले एकदम जमिनीवर पडली. खुंटीवरचे हँगर किणकिणले.

बाईंनी कपाळाला हात लावला आणि बराच वेळ तो काढला नाही.

"उद्याही नेमका एवढाच उशीर झाला पाहिजे," त्या म्हणाल्या. "कमी नको, जास्त नको."