कानातली कुपी

केशरबाई भोवळ येऊन डोलू लागल्या, की देवी अंगात आली म्हणून सारं उमापूर नारळ घेऊन धावे. एकदा त्या आडाजवळ पडल्या आणि डोक्याला खोक पडली. नवऱ्यानं, सुंदररावांनी, त्यांना गेवराईला निजाम सरकारच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर नरसिंगरावांनी त्यांना एकट्यांनाच आत घेऊन तपासलं.

"बाई, दुखणं कानाचं आहे. कानाच्या आत पाण्यानं भरलेल्या बारीक नळ्या असतात. नळीचं टोक कुपीसारखं फुगीर असतं, त्याला ‘अँपुला’ म्हणतात. शब्द लॅटिन आहे. मूळ अर्थ तेलाची छोटी कुपी. इंजेक्शनच्या या काचेच्या कुपीचं ‘अँप्यूल’ हे नावही त्यावरूनच पडलं. तुमच्या कानातलं ते पाणी ढवळतं, म्हणून भोवळ येते. देवीबिवी काही नाही."

"मला म्हाईत हाय," केशरबाई हळूच म्हणाल्या. "पण मालकाला सांगू नगा. देवी यायला लागल्यापासनं त्यांनी माज्यावर हात उचलला न्हाई."

डॉक्टर बाहेर आले, मागोमाग केशरबाई.

"काय झालंय हिला?" सुंदररावांनी विचारलं.

डॉक्टरांनी बूट काढले आणि केशरबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं.